सगळ्यात पुढे पळूनही चॅम्पियन न झालेला ड्रायव्हर: गॉर्डन स्पाईसकडून शिकण्यासारखा धंद्याचा हिशोब



मागच्या बॅचमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाले, "सर, आमच्या लाईनमध्ये सगळ्यात मोठं शेड माझं. सगळ्यात जास्त माल माझ्याकडून जातो. सकाळी सातला शटर उघडतो, रात्री दहाला बंद करतो. पण वर्षाच्या शेवटी हातात पैसा उरतो तो शेजारच्या छोट्या गाळ्यातल्या पोराच्या. तो फक्त खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. हे कसं काय?"

वर्गात सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण त्या खोलीतल्या निम्म्या लोकांची कहाणी तीच होती. त्या दिवशी मी त्यांना एका इंग्रज रेसिंग ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. वेळेअभावी ती अर्धीच राहिली. व्हिडिओतही पाचेक मिनिटांतच उरकली. म्हणून आज इथं ती सविस्तर लिहितोय.

त्या ड्रायव्हरचं नाव गॉर्डन स्पाईस. हो, स्पाईस म्हणजे मसाला. आपल्याकडे असता तर आडनाव मसाले झालं असतं! रेसिंग म्हटलं की आपल्याला शूमाकर आठवतो, हॅमिल्टन आठवतो. गॉर्डन स्पाईस हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलंही नसेल. पण धंदा करणाऱ्या माणसाला त्याच्याकडून जे शिकता येईल ते या मोठ्या नावांकडून नाही मिळणार, कारण हा माणूस ड्रायव्हर होता आणि सोबत धंदेवाईकही होता.

आधी हा माणूस कोण ते बघू

गॉर्डन स्पाईसचा जन्म १९४० चा. सप्टेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला. इंग्लंडमध्ये त्याचा गाड्यांच्या ॲक्सेसरीजचा व्यवसाय होता. सीट कव्हर, आरसे, दिवे, स्टिअरिंग असल्या वस्तू जिथं मिळतात ना, ती लाईन. त्यात तो घाऊक व्यापारापर्यंत पोचला. आणि याच्या जोडीला रेसिंग.

तो ज्या रेस चालवायचा त्यांना तिथं 'सलून कार रेसिंग' म्हणतात. आता सलून म्हटलं की आपल्याला कटिंगचं दुकान आठवतं. पण ब्रिटनमध्ये सलून म्हणजे घरगुती वापराची, डिकीवाली, बंद टपाची गाडी. आपण जिला सेडान म्हणतो ती. फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर कधी दिसत नाही. सलून रेसमध्ये मात्र तुमच्या शेजाऱ्याच्या दारात उभी असते तसलीच गाडी, नियमात बसेल तेवढी तयारी करून ट्रॅकवर उतरवलेली असते. लोकांना म्हणूनच हा खेळ आपला वाटायचा. शोरूममध्ये जी गाडी बघितली तीच रविवारी पळताना दिसायची.

ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप १९५८ मध्ये सुरू झाली. साठच्या दशकात गॉर्डन मिनी गाडी चालवायचा. १९६९ मध्ये तर तो प्रसिद्ध कूपर टीमसाठी मिनी पळवत होता. मिनी म्हणजे इवलीशी गाडी, पण वळणावर भल्याभल्यांना घाम फोडणारी. पुढे सत्तरच्या दशकात तो फोर्ड कॅप्रीकडे वळला. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, लांब बॉनेट, दणदणीत आवाज. कॅप्री आणि गॉर्डन स्पाईस ही जोडी पुढची काही वर्षं त्या मैदानात इतकी पुढे होती की रेस संपली की पहिल्या नंबरावर बरेचदा हीच गाडी असायची.

आता तुम्ही म्हणाल, मग हा चॅम्पियन झालाच असेल.

नाही झाला. एकदाही नाही.

गुणपत्रक काय म्हणत होतं?

इथं जरा लक्ष देऊन वाचा, कारण सगळी मेख इथं आहे.

१९७६ पासून या चॅम्पियनशिपमध्ये जास्तीत जास्त तीन लिटरच्या गाड्यांना परवानगी होती. इंजिनच्या आकारानुसार चार वर्ग होते: १३०० सीसीपर्यंत, १६०० पर्यंत, २३०० पर्यंत आणि ३००० पर्यंत. सगळ्या गाड्या एकाच मैदानात पळायच्या, पण गुण मिळायचे ते आपापल्या वर्गातल्या नंबरावर. सगळ्यात पुढे कोण आलं याचे वेगळे गुण नाहीत. आणि प्रत्येक वर्गातल्या पहिल्या नंबराला सारखेच गुण. वर्षाअखेरीस ज्याचे गुण जास्त तो पूर्ण ब्रिटनचा चॅम्पियन, मग त्याची गाडी १३०० सीसीची असो की ३००० ची.

उदाहरण घेऊ. समजा वर्गात पहिला आला की ९ गुण आणि दुसरा आला की ६. गॉर्डन कॅप्री घेऊन सगळ्यांच्या पुढे आला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्याला ९ गुण. त्याच्या मागून, बऱ्याच अंतरानं, एक छोटी गाडी आली. एकूण नंबर बारावा, पण आपल्या १३०० च्या वर्गात पहिली. तिला किती गुण? तेवढेच. ९.

आता पुढच्या रेसला गॉर्डनच्या वर्गात दुसऱ्या कॅप्रीवाल्यानं त्याला मागे टाकलं. गॉर्डनला ६. छोटीवाला परत आपल्या वर्गात पहिला. परत ९. असं वर्षभर चाललं की हिशोब कुणाच्या बाजूनं जाणार?

आणि झालंही तसंच. १९७६ आणि १९७७ चा चॅम्पियन होता बर्नार्ड युनेट, १३०० सीसीच्या ॲव्हेंजर गाडीवर. १९७८ आणि १९७९ चा चॅम्पियन रिचर्ड लाँगमन, मिनी १२७५ जीटीवर. १९८० ला विन पर्सी, मझदा आरएक्स-७ वर, २३०० च्या वर्गातून. म्हणजे ज्या काळात गॉर्डनची कॅप्री वारंवार सगळ्यांच्या पुढे असायची, त्याच काळात अजिंक्यपद लहान गाडीवाले घेऊन गेले. गॉर्डननं आपल्या वर्गाचं पद पुन्हा पुन्हा जिंकलं, पण मोठी ट्रॉफी त्याच्या कपाटात कधीच आली नाही.

हा बर्नार्ड युनेट कोण होता तेही ऐकण्यासारखं आहे. तो रूट्स या मोटार कंपनीत डेव्हलपमेंट इंजिनिअर होता, म्हणजे गाड्या तपासणारा, सुधारणारा माणूस. ॲव्हेंजर ही त्याच कंपनीची गाडी. हातातल्या गाडीचा स्क्रू न् स्क्रू त्याला माहीत. १९७४ मध्येही तो ॲव्हेंजरवरच चॅम्पियन झाला होता. तीन वेळा अजिंक्यपद, तेही साध्या घरगुती गाडीवर. आपल्या मालाची खडान् खडा माहिती असलेला माणूस आपल्या वर्गात राजा असतो, मग एकूण रांगेत तो कितवा का असेना.

मोठ्या वर्गात गर्दी कशाची होती?

दुसरी एक गोष्ट बघा. गॉर्डनच्या वर्गात त्याच्याशी स्पर्धा करायला कोण होतं? टॉम वॉकिन्शॉ, क्रिस क्राफ्ट, कॉलिन व्हँडरव्हेल, सगळे एकापेक्षा एक सरस ड्रायव्हर. आणि त्यांच्या हातात गाडी कोणती? कॅप्रीच! तीन लिटरच्या मर्यादेत सगळ्यात फायद्याची गाडी तीच, म्हणून ज्याच्याकडे पैसा होता त्यानं तीच घेतली.

आता हे चित्र तुमच्या ओळखीचं वाटतंय का? गावात एकानं मोबाईलचं दुकान काढलं, चाललं. सहा महिन्यांत त्याच रस्त्यावर आणखी पाच दुकानं. सगळ्यांकडे तोच माल, तोच सप्लायर, तीच किंमत. मग फरक कशात करायचा? डिस्काउंटमध्ये. आज तुम्ही जिंकला, उद्या शेजारी जिंकला, परवा तिसरा. गुण वाटले गेले. विक्री सगळ्यांचीच दिसते, मार्जिन कुणाच्याच हातात राहत नाही.

सगळे कॅप्री घेतात तेव्हा कॅप्री घेणं चूक असतं असं नाही. पण त्या वर्गात पहिलं येण्याची किंमत काय आहे आणि त्या किमतीला गुण किती मिळणार आहेत, हे आधी मांडून बघायला हवं. आमच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांचं नेमकं हेच झालं होतं. ते गेट करत होते, शेड करत होते, जिने करत होते, रेलिंग करत होते. प्रत्येक कामात समोर दहा जण कोटेशन घेऊन उभे. शेजारचा पोरगा फक्त जाळ्या करत होता. माप घेतलं की दोन दिवसांत बसवून देणार. त्या भागात जाळी म्हटलं की लोकांच्या तोंडी त्याचंच नाव. आपल्या वर्गात दर महिन्याला तो पहिला येत होता.

पण थांबा, गॉर्डन चुकला होता का?

बरेच मोटिव्हेशनवाले इथंच गोष्ट संपवतील. "लहान वर्ग निवडा आणि जिंका!" टाळ्या. मला तसं वाटत नाही. गॉर्डनला नियम माहीत नव्हते असं कसं म्हणणार? साठच्या दशकात तो स्वतः मिनी चालवत होता. लहान गाडीचा फायदा त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होता. तरी तो मोठ्या गाडीत राहिला. का?

त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्याच्या धंद्याकडे बघून मला एक हिशोब दिसतो. ॲक्सेसरीज विकत कोण घेतं? गाडीवेडा माणूस. जो आपल्या साध्या गाडीला जास्तीचे दिवे लावतो, नवं स्टिअरिंग बसवतो. हा माणूस रविवारी कुठं सापडतो? रेसच्या मैदानावर. ब्रिटिश ग्रां प्रीच्या दिवशीही मुख्य रेसच्या जोडीला सलून कारची रेस असायची. एवढ्या प्रेक्षकांसमोर सगळ्यात पुढे धावणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आणि ॲक्सेसरीजचा व्यापारी, दोन्ही एकच माणूस. बाराव्या नंबरावर धावणारी गाडी कितीही गुण मिळवो, प्रेक्षकांची नजर पहिल्या गाडीवर असते.

म्हणजे बघा, एकाच मैदानात दोन वेगळी गुणपत्रकं चालू होती. एक चॅम्पियनशिपचं, एक धंद्याचं. पहिल्यात पुढे पळण्याला वेगळी किंमत नव्हती. दुसऱ्यात होती. तुम्ही कोणतं गुणपत्रक भरताय हे तुम्हाला माहीत असेल तर मोठ्या वर्गात राहणंही शहाणपणाचं ठरू शकतं. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण मेहनत एका गुणपत्रकासाठी करतो आणि निकालाची अपेक्षा दुसऱ्यातून ठेवतो. टर्नओव्हरच्या मागे पळायचं आणि महिनाअखेरीस नफा का नाही म्हणून रडायचं. फॉलोअर्स वाढवायचे आणि ऑर्डर का येत नाहीत म्हणून चिडायचं. हे झालं चुकीच्या तक्त्यात गुण शोधणं.

आणि गॉर्डन काही एका मैदानापुरता मर्यादित ड्रायव्हर नव्हता. १९७८ मध्ये बेल्जियममधली स्पा इथली २४ तासांची रेस त्यानं टेडी पिलेटच्या जोडीनं कॅप्रीवरच जिंकली. १९८० आणि १९८१, लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या रेसमध्ये तो रोंडो गाडी घेऊन एकूण तिसरा आला. ले मान्स म्हणजे या खेळाची पंढरी. तिथं तिसरं येणं ही लहान गोष्ट नाही.

मग त्यानं वर्ग बदलला

आता येते गोष्टीतली मला सगळ्यात आवडणारी बाजू.

ऐंशीच्या दशकात लांब पल्ल्याच्या जागतिक रेसिंगमध्ये 'ग्रुप सी' नावाचा प्रकार होता. त्यात दोन वर्ग. मोठा सी-वन. तिथं पोर्शे, जॅग्वार, लँचिया, मर्सिडीज असे दिग्गज. गाडीचं वजन किमान ८५० किलो, इंधनाची टाकी १०० लिटरची. दुसरा सी-टू, कमी बजेटच्या टीमसाठी. वजन किमान ७०० किलो, टाकी ५५ लिटरची. दोन्ही वर्ग एकाच वेळी एकाच मैदानात पळायचे, पण अजिंक्यपद वेगवेगळं. ओळखीचं वाटतंय ना? सलून रेसिंगचंच गणित, मोठ्या पातळीवर.

गॉर्डननं रे बेल्म या भागीदाराबरोबर सी-टू मध्ये उडी घेतली. टीमचं नाव स्पाईस इंजिनिअरिंग. त्यांनी सुरुवात कशी केली ते नीट बघा. पहिल्याच दिवशी स्वतःची गाडी बनवायला घेतली नाही. टायगा नावाच्या कंपनीची तयार चासी घेतली. त्यात कॉसवर्थचं इंजिन टाकलं. हे इंजिन फॉर्म्युला वनमध्ये वर्षानुवर्षं वापरून तावून सुलाखून निघालेल्या इंजिनाचंच भावंड होतं. म्हणजे जिथं दुसऱ्याचा माल चांगला होता तिथं तो विकत घेतला, आणि स्वतःचं डोकं लावलं ते गाडी २४ तास न थांबता कशी पळेल यावर. १९८५ मध्ये याच गाडीवर त्यांनी ले मान्सला सी-टू वर्ग जिंकला आणि जागतिक अजिंक्यपदही मिळवलं. स्वतःची गाडी त्यांनी बनवली ती त्यानंतर, १९८६ मध्ये. गिऱ्हाईक कळलं, नियम कळले, कुठं काय तुटतं ते कळलं, आणि मग उत्पादनात हात घातला.

आपल्याकडे उलटं होतं. मशिनरी आधी येते, गिऱ्हाईक नंतर शोधलं जातं. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. पापड लाटायचं मशीन घेण्याआधी सहा महिने दुसऱ्याकडून पापड करून घेऊन विकून बघा, असं मी का सांगतो ते आता लक्षात आलं असेल.

पुढचा निकाल ऐका. १९८५, १९८६, १९८७, १९८८. सलग चार वर्षं सी-टू वर्गाचं ड्रायव्हरांचं जागतिक पद गॉर्डनच्या नावावर. तीन वेळा जोडीला बेल्म, १९८७ मध्ये स्पेनचा फर्मिन व्हेलेझ. १९८६ मध्ये टीमचं पद मात्र एकुरी एकॉस या स्कॉटिश टीमनं खेचून नेलं. म्हणजे लहान वर्ग होता म्हणून कुणी आयतं ताट वाढून ठेवलं होतं असं नाही. तिथंही घासून स्पर्धा होती.

१९८७ चं ले मान्स

या रेसबद्दल मला वेगळं सांगायचंय.

त्या वर्षी जॅग्वारनं ले मान्सला तीन गाड्या उतरवल्या. कारखान्याची टीम, कारखान्याचा पैसा. २४ तासांनंतर त्यातली एकच गाडी शेवटपर्यंत पोचली, तीही पाचव्या नंबरावर. आणि तिच्यामागे, एकूण सहाव्या नंबरावर कोण होतं? गॉर्डन स्पाईस, फर्मिन व्हेलेझ आणि फिलिप द हेनिंग. सी-टू ची गाडी. ५५ लिटरची टाकी घेऊन, मोठ्या वर्गातल्या कितीतरी गाड्या बंद पडल्या असताना, ही छोटी गाडी पळत राहिली. आपल्या वर्गात पहिली तर आलीच, वर एकूण यादीतही सहावी.

याला वेग म्हणत नाही मी. २४ तासांच्या रेसमध्ये पहिला नियम एकच, गाडी शेवटपर्यंत पोचली पाहिजे. लहान धंद्यालाही हेच लागू पडतं. मोठ्या कंपनीला एखादं वर्ष तोटा झाला तर ती पुढच्या वर्षी परत येते. तुमच्याकडे तेवढी टाकी नाही. तुमच्याकडे ५५ लिटर आहे. मग कुठं थांबायचं, कुठं इंधन भरायचं, कुठं वेग कमी ठेवायचा हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त काटेकोर ठरवावं लागेल. उधारी किती द्यायची, स्टॉक किती भरायचा, कोणती ऑर्डर सोडून द्यायची, हे सगळं त्यातच आलं. टाकी लहान असणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. पण ती मोठी आहे असं समजून गाडी पळवली तर मध्येच ढकलत न्यावी लागते.

गिऱ्हाईक जिंकलं, तरी धंदा आपलाच

आणखी एक महत्त्वाचा मुद्दा. स्पाईस इंजिनिअरिंग फक्त रेस जिंकत नव्हती, गाड्या विकतही होती. बाकीच्या टीमनी त्यांच्या गाड्या विकत घेतल्या. अमेरिकेत पाँटिॲक फिएरोचं रूप दिलेल्या स्पाईसच्या गाड्या तिथल्या 'लाइट्स' वर्गात पळाल्या. पुढे १९९१ ते १९९३ अशी तीन वर्षं त्या वर्गाचं अजिंक्यपद पार्कर जॉनस्टोन या अमेरिकन ड्रायव्हरनं जिंकलं. इंजिन ॲक्युराचं, पण खालची गाडी स्पाईसची.

१९८९ मध्ये गॉर्डनची टीम सी-टू मधून बाहेर पडली होती. त्या वर्षी सी-टू चं पद चेंबरलेन इंजिनिअरिंग या टीमनं घेतलं. त्यांची गाडी? तीही स्पाईसचीच. म्हणजे स्वतः मैदानात नसतानाही आपला माल पहिला आला. ॲक्सेसरीजच्या व्यापारात मुरलेल्या माणसाला हे बरोबर कळतं. रेस जिंकणारा एक असतो, पण सामान सगळ्यांना लागतं. तुमच्या लाईनमध्येही असं काही आहे का बघा. केक विकणाऱ्या पन्नास जणी असतील, पण त्यांना बॉक्स, बोर्ड आणि साचे पुरवणारं तुमच्या तालुक्यात कोण आहे?

आणि शेवटचं वळण

गोष्ट गोड करून सोडली तर ती खोटी होईल, म्हणून पुढचंही सांगतो.

१९८९ मध्ये स्पाईस इंजिनिअरिंग सी-वन मध्ये गेली. मोठा वर्ग. चार वर्षं जिंकल्यावर कुणालाही वाटेलच की आता वर जाऊ. पण तिथं गाठ होती मर्सिडीजशी. १९८९ आणि १९९० ची दोन्ही जागतिक पदं मर्सिडीजच्या टीमनं नेली. त्यात १९९१ पासून इंजिनाचे नियम बदलले, खर्च वाढत गेला, आणि १९९२ नंतर तर ती जागतिक चॅम्पियनशिपच बंद पडली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ती पूर्वीची स्पाईस इंजिनिअरिंग उरली नव्हती.

वर जाणं चूक होतं का? कागदावर बसून ते ठरवणं सोपं आहे. मला त्यातून एवढंच दिसतं की खालच्या वर्गातला अनुभव वरच्या वर्गात शंभर टक्के कामाला येत नाही. वर्ग बदलला की प्रतिस्पर्धी बदलतात, त्यांच्या खिशाची खोली बदलते, आणि नियम बदलले तर तो धक्का कुणाला किती सोसवेल हेही बदलतं. तालुक्यात एक नंबरचं फरसाण विकणारा माणूस पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये शेल्फ भाड्यानं घेतो, तेव्हा तो मोठं दुकान उघडत नसतो. तो वेगळ्या वर्गात उतरत असतो. तिथं पेमेंट ६० दिवसांनी येतं, खपला नाही तो माल परत येतो, ऑफरचा खर्च आपल्या माथी बसतो. जायचं असेल तर जा. पण जुन्या वर्गातली आपली जागा राखून जा. गॉर्डनच्या टीमनं सोडलेली जागा त्याच वर्षी त्यांच्याच गाडीवर दुसऱ्यानं भरली होती, हे विसरू नका.

आता वही काढा

नेहमीप्रमाणे गृहपाठ आहे. फक्त वाचून सोडू नका, आज रात्री गल्ला मोजून झाल्यावर दहा मिनिटं बसा.

१. माझा वर्ग कोणता? "किराणा दुकान" हा वर्ग झाला नाही. "आमच्या तीन सोसायट्यांना रात्री अकरापर्यंत घरपोच सामान देणारा", हा वर्ग झाला. एका ओळीत लिहा. एका ओळीत मावत नसेल तर तो अजून ठरलेला नाही असं समजा.

२. या वर्गात माझ्यासारखीच कॅप्री घेऊन किती जण उभे आहेत? नावं लिहा. पाचाच्या वर गेली तर माझ्या गाडीत वेगळं काय, हे त्याखाली लिहा. "क्वालिटी आणि सर्व्हिस" असं लिहू नका, ते सगळेच म्हणतात.

३. मी गुण कशाचे मोजतोय? विक्री, नफा, हातातली रोकड, की लोकांत होणारं नाव? यातलं या वर्षासाठी एकच निवडा आणि बाकीच्यांवरून स्वतःला मार्क देणं थांबवा.

४. माझी टाकी किती लिटरची? एक रुपयाही आला नाही तर दुकान किती दिवस चालेल, तो आकडा दिवसांत लिहा. आकडा लिहिताना पोटात गोळा आला तर समजा की बरोबर लिहिलाय.

५. माझ्या कामातलं असं काय आहे जे मी बनवतो, पण तयार विकत घेतलं तरी चालेल?

आमच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांनी हा गृहपाठ केला. त्यांच्या लक्षात आलं की गोल जिन्याच्या कामात कोटेशन द्यायला त्यांच्यासमोर फारसं कुणी नसतं, आणि त्या कामात घासाघीसही कमी होते. बाकीची कामं त्यांनी लगेच बंद केली नाहीत. पोरांचे पगार चालू आहेत, ते शक्यही नाही. पण गाडीवरच्या बोर्डावर आता पहिली ओळ गोल जिन्याची आहे. पुढं काय होतं ते वर्षभरानं कळेल, तेव्हा तुम्हाला नक्की सांगेन.

गॉर्डन स्पाईसनं पुढे आपलं आत्मचरित्रही लिहिलं, 'लाईफ्स बीन अ गॅस' या नावानं. ज्याला ब्रिटनची ती मोठी ट्रॉफी कधी मिळाली नाही, त्यानं आपल्या आयुष्याला दिलेलं नाव म्हणजे थोडक्यात 'मजा आली राव'! मला हे फार आवडतं. हिशोब चोख ठेवावा, पण त्यात तोंड आंबट करून बसू नये.

तुमचा वर्ग कोणता, तो एका ओळीत खाली लिहा. मी स्वतः वाचतो आणि जमेल तसं उत्तरही देतो. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गाडी चालू ठेवा!